बैठकीला पुरतील एवढे वॅट

"माणसाच्या बैठकीच्या खोलीला एक वॅट पुरतो," एलिसेओ बारांदिका म्हणाला आणि त्याने सोफ्याचं आपल्याकडचं टोक उचललं.

पदार्थविज्ञानाचा शिक्षक म्हणून हे वाक्य त्याने आजवर अकरावीच्या कितीतरी वर्गांना सांगितलं होतं. चष्मा काढून, खडू खाली ठेवून, शपथविधीला शोभेल अशा आवाजात. आत्ता ऐकायला फक्त एल्किन होता. समोरच्या दोन्या एदिल्माचा, म्हणजे एदिल्माबाईचा, हा थोरला मुलगा सोफ्याचं दुसरं टोक धरून उलटा चालत होता आणि त्याचं सगळं लक्ष उंबऱ्याकडे होतं. सोफा घराबाहेर निघाला होता. बैठकीच्या खोलीत त्याला आता जागा उरली नव्हती.

"एक वॅट म्हणजे किती, प्रोफे?" एल्किनने विचारलं. काहीतरी विचारणं त्याला भाग होतं.

"टॉर्चमधल्या बल्बाएवढा."

"मग अर्नुल्फोकाकांचे दोन हजार म्हणजे?"

"पाय बघ," एलिसेओ म्हणाला. "मागे पायरी आहे."

सोफा व्हरांड्यात दोन झुलत्या खुर्च्यांच्या मध्ये बसवला गेला. एल्किनने त्यावर लगेच बसून पाहिलं, दोनदा उसळी मारली आणि सोफा आपल्या गल्लीचा झाला असं ठरवून टाकलं. एलिसेओ पुन्हा आत गेला. आत जायचं म्हणजे अंग आडवं करून जायचं. दारातून शिरल्यावर डाव्या खांद्याला भिंत लागायची, पोटाला पेटी.

पेटी हा शब्द अपुरा आहे. तो पिको होता. जमिनीपासून छतापर्यंत, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीच्या जवळपास, परातीएवढे चार स्पीकर, वर भोंगे, आणि मधोमध झगझगीत हिरव्या रंगात त्याचं नाव: ला उल्तिमा पालाब्रा, म्हणजे अखेरचा शब्द. नावाभोवती वाघाचा उघडा जबडा. रंगाऱ्याने वाघ कधी पाहिला नसावा. त्या वाघाचा चेहरा बराचसा निल्साच्या कैलासवासी वडिलांसारखा आला होता, आणि घरातल्या तिघांनीही हे एकमेकांना अजून बोलून दाखवलं नव्हतं.

घरातले तिघे म्हणजे एलिसेओ, त्याची बायको निल्सा आणि निल्साचा भाऊ अर्नुल्फो. अर्नुल्फोने उभी हयात या पिकोवर काढली होती. रेबोलो वस्तीतल्या एका मोकळ्या आवारात तो शनिवार-रविवार नाच लावायचा, आणि बारान्किया शहराच्या अर्ध्या दक्षिण भागात त्याला लोक नावाने नाही तर पेटीच्या नावाने ओळखायचे. अखेरचा शब्द आला, असं म्हणायचे. मग आवाराच्या मालकाने तिथे टायरचं दुकान काढलं आणि अखेरचा शब्द सहा माणसांच्या खांद्यावरून बहिणीच्या बैठकीत आला. कार्निव्हलपर्यंत ठेवतो, असं अर्नुल्फो म्हणाला होता. कुठल्या सालच्या कार्निव्हलपर्यंत, हे विचारायचं राहून गेलं.

पेटी खिडकीसमोर उभी राहिली, कारण दुसरीकडे ती उभी राहूच शकत नव्हती. त्या खिडकीतून डिसेंबरचा वारा यायचा. डिसेंबरात एलिसेओ निवृत्त होणार होता. त्या खिडकीपाशी खुर्ची टाकून बसायचं, एवढीच त्याची निवृत्तीची योजना होती. ती त्याने इतकी वर्षं मनात ठेवली होती की ती मंजूर झाली आहे असंच त्याला वाटत होतं. पहिल्यांदा खुर्ची स्वयंपाकघरात गेली. मग पुस्तकांचं कपाट झोपायच्या खोलीत. आज सोफा. वस्तू ज्या क्रमाने चालल्या होत्या तो पाहता पुढचा क्रमांक कुणाचा, हे कळायला पदार्थविज्ञान लागत नव्हतं.

आणि आवाज. सकाळी कॉफीबरोबर सुरू व्हायचा तो दिवे लागेपर्यंत. कपाटातले पेले एकमेकांना लागून किणकिणायचे. एलिसेओ उत्तरपत्रिका तपासायला न्हाणीघरात बसायचा आणि तिथेही बास त्याच्या बरगड्यांत वाजायचा. तक्रार केली की अर्नुल्फो पेटीच्या मधल्या पितळी बटणाकडे बोट दाखवायचा. बटण बशीएवढं होतं, भोवती शून्यापासून दहापर्यंत आकडे.

"तीनवर आहे, दाजी. बघा. घर आहे म्हणून तीनवर ठेवतो. ताकद वापरायला नसते, असायला असते."

दहावर काय होतं ते आमच्या गल्लीत कुणी ऐकलं नव्हतं. म्हणूनच त्याबद्दल सगळ्यांना खात्री होती.

अर्नुल्फो न्हाऊन बाहेर आला. मानेला पावडर, अंगात इस्त्रीचा सदरा. व्हरांड्यात त्याने सोफ्याभोवती एक चक्कर मारली.

"बाहेर छान दिसतो, दाजी. माणसं येतील, बसतील, ऐकतील. आत बसून पिको ऐकायचा म्हणजे स्वयंपाकघरात उभं राहून लग्न बघायचं."

"मग तोच बाहेर ठेव."

"पावसात? दोन हजार वॅट?"

"दोन हजार नाहीत ते."

हे एलिसेओ जरा मोठ्याने बोलला. समोरच्या व्हरांड्यात शेंगा सोलत बसलेल्या दोन्या एदिल्माने परात मांडीवरून खाली ठेवली. बाजूच्या दोन घरांतल्या झुलत्या खुर्च्या थांबल्या. शनिवारची दुपार होती आणि कुणाला काही काम नव्हतं.

"त्या पाटीवर लिहिलंय," अर्नुल्फो म्हणाला.

"पाटी तूच लावलीस."

"मग काय तुम्ही लावणार होता?"

एलिसेओने चष्मा काढला. एल्किनने ओळखलं, तो सोफ्यावर मागे टेकून बसला.

"नीट ऐक. वॅट दुप्पट केले तर कानाला जेमतेम फरक कळतो. आवाज दुप्पट वाटायला हवा असेल तर वॅट दहापट घालावे लागतात. आणि तुझी पेटी एवढी मोठी आहे, तिचे स्पीकर एवढे हलके आहेत, की तिच्यात नुसती फुंकर मारली तरी ती ओरडेल. घरात ऐकायला तिला एक वॅट लागतो. बाकीचा सगळा रंग."

"ऐकलंस, निल्सा?" अर्नुल्फो दाराकडे वळून म्हणाला. "तुझा नवरा माझ्या पेटीची तारीफ करतोय."

"किती शिकलाय बाई हा माणूस," दोन्या एदिल्मा रस्त्यापलीकडून म्हणाली, "आणि घरातला पंखा अजून घरघरतोय."

"एक सांगा, दाजी." अर्नुल्फो सोफ्याच्या हातावर टेकला. "गाणं शांत चाललेलं असतं. एकटा बिचारा माणूस रडत असतो, बाई सोडून गेली म्हणून. आणि मग एकदम सगळे ट्रंपेट उठून उभे राहतात. तेव्हा तुमचा एक वॅट कुठे लपतो?"

"तेव्हा दहा लागतील," एलिसेओ म्हणाला. तो प्रामाणिक माणूस होता. "क्षणभर."

"आला दहावर," अर्नुल्फो सगळ्यांना म्हणाला. "आत्ता एक होता. संध्याकाळपर्यंत धीर धरा, दोन हजारावर येतो."

गल्ली हसली. शेंगांची परात हसली म्हटलं तरी चालेल. एलिसेओने चष्मा पुसला, लावला, परत काढला.

निल्सा तळलेल्या केळ्यांचं ताट घेऊन दारात उभी होती. तिने ते सोफ्यावर ठेवलं, कारण टेबलही दोन आठवड्यांपूर्वीच आत मोरीपाशी गेलं होतं.

"मोजा," ती म्हणाली.

"काय?"

"वॅट. एलिसेओ, तुझ्या शाळेत मोजायचं यंत्र आहे ना? उद्या रविवार. मोजा, आणि मिटवा एकदाचं. जो हरेल त्याने या घरात या विषयावर पुन्हा तोंड उघडायचं नाही. कधीच नाही. माझे कान थकलेत. पेटीने नाही, तुमच्या दोघांनी."

"मी तयार आहे," एलिसेओ म्हणाला. इतक्या लवकर म्हणाला की त्याचं त्यालाच अवघडल्यासारखं झालं. "पण नुसतं तोंड मिटून भागणार नाही. मी जिंकलो तर पेटी शहराबाहेर सोलेदादला जाईल. तुमच्या चुलत भावाच्या शेडमध्ये."

"किती भरले तर तुम्ही जिंकलात?" एल्किनने विचारलं. पैज म्हटल्यावर त्याला नियम पक्के लागत.

सगळ्यांनी अर्नुल्फोकडे पाहिलं. त्याने केळ्याचा एक काप उचलला, उलटसुलट पाहिला आणि परत ताटात ठेवला.

"शंभर," तो म्हणाला. "तीनवर शंभरच्या खाली भरले, तर दाजींचं खरं."

"शंभर," एलिसेओ म्हणाला. त्याला हा आकडा विनासायास मिळाला होता आणि तो हातातून सोडायची त्याची तयारी नव्हती.

"आणि पेटी गेली, तर मी तिच्याबरोबर," अर्नुल्फो म्हणाला. "एकटीला नाही पाठवणार तिला." तो हसला. त्या शेडला वर पत्रा होता, बाजूंना तीनच भिंती होत्या, हे सगळ्यांना माहीत होतं. निल्साने ताट उचललं, अजून निम्मं भरलेलं, आणि आत नेलं.

रविवारी चर्चमधून परतलेली गल्ली कपडे न बदलताच जमली. सोफ्यावर चौघे बसले आणि हातांवर दोघे. एलिसेओने शाळेच्या प्रयोगशाळेतून मीटर आणला होता. तो त्याने टॉवेलात गुंडाळून आणला होता. अर्नुल्फो पांढरे बूट घालून आला. हे बूट तो पूर्वी मोठ्या नाचांना घालायचा. या घरात आल्यापासून ते कुणी पाहिले नव्हते.

"मागची जोडणी मी करतो, दाजी. तुमचा सदरा खराब होईल."

"मोजणार मी आहे."

"तिथे जागा नाही हो. उगाच अडकाल."

"अडकायची सवय झालीय," एलिसेओ म्हणाला.

अर्नुल्फोने आणखी काही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाहेरून एल्किन म्हणाला, "जाऊ द्या ना काका, बघू द्या त्यांनाच." अर्नुल्फो बाजूला झाला.

पेटी आणि खिडकी यांच्यामधली फट माणसासाठी नव्हती. एलिसेओ आधी हात, मग मीटर, मग पोट आत ओढून स्वतः, असा शिरला. मान वळवता येत नव्हती. पाठीमागे खिडकीची बंद झडप होती आणि तिच्या पलीकडे त्याचा वारा वाहत होता; फळीच्या चिरेतून त्यातला थोडासा मानेवर येत होता, चिडवल्यासारखा. गुडघे भिंतीला टेकवून तो तसूतसूने खाली सरकला. घाम चष्म्यावर पडला. पेटीच्या तळाशी अँप्लिफायरच्या खणाची मागची फळी होती. तिचे स्क्रू सैल होते. त्याने ते हाताने काढले, फळी बाजूला सरकवली आणि टॉर्च लावला.

खण रिकामा होता.

म्हणजे अगदी रिकामा नव्हता. लोखंडी पत्र्यावर गोल भोकांच्या रांगा होत्या, जिथे कधीकाळी मोठाल्या काचेच्या नळ्या बसत असणार. ट्रान्सफॉर्मरच्या जागी गंजाचा एक चौकोन होता, आणि त्या चौकोनावर दोन विटा, फडक्यात नीट बांधलेल्या. पेटी हलवताना हलकी लागू नये म्हणून असाव्यात. भोकं पुसलेली होती. धूळ कुठेच नव्हती. आणि मधोमध, प्लायवूडच्या तुकड्यावर चिकटपट्टीने चिकटवलेला, जेवणाच्या डब्याएवढा एक अँप्लिफायर होता. टॅक्सीवाले सीटखाली बसवतात तसला. त्याचं स्वतःचं एक छोटं बटण होतं, तेही एका जागी चिकटपट्टीने पक्कं केलेलं. वर अठरा वॅट असं छापलं होतं. एलिसेओने सवयीने त्यातले निम्मे वजा केले.

"लावू का, दाजी?" अर्नुल्फोचा आवाज पलीकडून आला.

"लाव."

सुई रेकॉर्डवर टेकली. आधी खरखर, मग ढोल, आणि मग गाणं पेटीतून, फळीतून, एलिसेओच्या गुडघ्यांतून वर चढलं. झडप थरथरायला लागली. त्याने मीटरच्या तारा स्पीकरच्या टोकांना लावल्या. काटा उठला आणि पाचाच्या आसपास डुलत राहिला. पाच व्होल्ट. पाच पाचे पंचवीस, भागिले स्पीकरचे आठ ओहम. तीन वॅट आणि वर थोडं.

त्याने टॉर्च मीटरवर धरला आणि पुन्हा पाहिलं. गेले वर्षभर पेले वाजवत होते ते हे. न्हाणीघरात बरगड्यांत शिरत होते ते हे. आयुष्यात तो इतका बरोबर कधीच आला नव्हता. ट्रंपेट उठून उभे राहिले. काटा नऊपर्यंत गेला, आणि परत आला. नऊ नवे एक्याऐंशी, भागिले आठ. दहाला क्षणभर, जेमतेम. अगदी त्याने सांगितल्यासारखं. बाहेर सोफ्यावर कुणीतरी ताल धरला होता, आणि दोन्या एदिल्मा म्हणत होती, "ही ताकद बघा. छातीत लागतं."

फक्त फळी उघडी टाकून बाजूला व्हायचं होतं. पुढचं गल्लीनेच पाहिलं असतं.

गाणं संपलं. अर्नुल्फोने सुई उचलली असावी.

"किती, दाजी?"

आवाज नेहमीचा होता. कालच्या केळ्याबद्दल विचारावं तसा. बाहेर झुलत्या खुर्च्या थांबल्या.

खाली वाकलेल्या एलिसेओला पेटीच्या कडेच्या फटीतून पलीकडचं फक्त जमिनीलगतचं दिसत होतं. तिथे पांढरे बूट होते. पुसून लख्ख केलेले, टोकं रस्त्याच्या दाराकडे. आणि बुटांशेजारी एक तपकिरी बॅग, पट्टा बकलात अडकवलेली. अर्नुल्फो या घरात आला तेव्हा हीच बॅग घेऊन आला होता.

दरवर्षी अकरावीतली दोन-तीन पोरं प्रयोगाची रीडिंगं घरी बसून रचून आणायची. एलिसेओ त्यांना शून्य द्यायचा. पकडायला सोपी असायची ती. खोटं रीडिंग नेहमी गोल असतं. पन्नास, शंभर, दीडशे.

"एकशे त्रेचाळीस," तो फटीतून म्हणाला.



"वॅट," त्याने पुढे जोडलं. एकक न लिहिणाऱ्यांचे तो अर्धे गुण कापायचा.

बाहेर कल्ला झाला. कुणीतरी सोफ्यावरून उठलं, कुणीतरी बाटल्या आणायला धावलं. बूट मात्र काही वेळ होते तिथेच होते. मग उजव्या बुटाने बॅगेला हलकेच लोटलं. बॅग भिंतीच्या कडेने सरकत अंधारात गेली, आणि बुटांची टोकं आतल्या बाजूला वळली.

एलिसेओने फळी लावली. स्क्रू सगळे घट्ट पिळले, पूर्वी होते त्याहून घट्ट. फटीतून बाहेर येताना तो खरोखरच अडकला आणि एल्किनने त्याला हाताला धरून ओढून काढलं.

"तीनवर एकशे त्रेचाळीस," एल्किन म्हणत होता, "म्हणजे एकावर सत्तेचाळीस पकडा, म्हणजे दहावर—"

"असं सरळ त्रैराशिक लागत नाही रे त्याला," एलिसेओ म्हणाला. "बटणाचा आकडा आणि वॅट यांचा—"

"एलिसेओ," निल्सा म्हणाली. "काय ठरलं होतं?"

त्याने तोंड मिटलं. ते उघडं होतं तेव्हा त्यात बरोबर उत्तर होतं.

संध्याकाळी तिने त्याला स्वयंपाकघरात वाढलं. तो आपल्या खुर्चीवर बसला होता, चुलीला पाठ लावून.

"गरम होतं का मागे?" तिने विचारलं.

"होतं."

"पाली-बिली?"

"नाही. रिकामंच होतं."

निल्सा पातेल्यात बघत राहिली. मग तिने युक्का कंदाचा एक जादा बोयो, उकडलेला मुटका, त्याच्या ताटात ठेवला. त्याला नको होता. त्याने तो खाल्ला.

गल्लीत आकडा राहिला. प्रोफेंनी स्वतः मोजलंय, असं लोक सांगू लागले. शाळेच्या यंत्राने, आणि ते विरुद्ध पक्षाचे होते तरी. घराला निदान एकशे त्रेचाळीस लागतात. बाजारातल्या विक्रेत्यांपर्यंत हे पोचायला फार दिवस लागले नाहीत, आणि त्यांनी ते सोयीसाठी दीडशे केलं. कोपऱ्यावरच्या घरात दोनशेचा सेट आला. त्याच्या शेजाऱ्याने तो ऐकून अडीचशेचा आणला. एल्किनने तीनशेचा आणला आणि आणण्याआधी एलिसेओला गाठलं.

"प्रोफे, तीनशे कमी पडतील का? खरं सांगा."

एलिसेओने चष्मा काढला. अर्नुल्फो सोफ्यावर होता.  त्याने सरकून एलिसेओसाठी जागा केली.

"खोलीवर अवलंबून असतं," एलिसेओ म्हणाला.

"म्हणजे तीनशेच घेतो," एल्किन म्हणाला.

डिसेंबरात निवृत्ती झाली. शाळेने हार घातला, मुख्याध्यापकांनी सत्याची उपासना या विषयावर दोन शब्द सांगितले आणि एलिसेओ सोफ्यावर येऊन बसला. घरात पेटी होती, बाहेर गल्ली. न्हाणीघरात जाण्यातही आता अर्थ नव्हता, कारण त्याच्या मागच्या भिंतीला लागून अडीचशेवाल्यांची बैठक होती. वारा मात्र व्हरांड्यात यायचा. सगळीकडचं संगीत घेऊन यायचा.

अर्नुल्फो पूर्वीपेक्षा अदबीने वागत होता. सकाळची पहिली कॉफी तो दाजींना द्यायचा. लोकांशी बोलताना "आमचे दाजी" म्हणायचा. त्या रविवाराबद्दल दोघे एकमेकांशी अवाक्षर बोलले नाहीत; त्यातला एक तर शब्दाने बांधलेला होता. कार्निव्हल आला, चार दिवस पेटी सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत वाजली, आणि गेला. पेटी राहिली.

त्यानंतरच्या आठवड्यातली एक दुपार होती. अर्नुल्फो सोफ्यावर आडवा होता, टोपी तोंडावर. आत एक जुनी रेकॉर्ड लागलेली होती. एलिसेओ पाणी प्यायला म्हणून उठला होता आणि पेटीला पोट घासत स्वयंपाकघराकडे निघाला होता. समोरच्या घरातले तीनशे वॅट या वेळेला बंद असत, कारण दोन्या एदिल्माचा नातू झोपायचा.

"शेजारी," ती तिच्या व्हरांड्यातून म्हणाली. आवाज खाली ठेवून, पण रस्ता ओलांडेल असा. "बाळ आत्ताच झोपलंय हो. जरा कमी करता का?"

अर्नुल्फोने टोपी उचलली. त्या पितळी बटणाला त्याने आजवर आपल्याखेरीज कुणाचा हात लागू दिला नव्हता. बहिणीने पुसायला घेतलं तरी तो फडकं काढून घ्यायचा. त्याने दारातून आत, एलिसेओकडे पाहिलं.

"दाजी," तो म्हणाला, "तुम्ही जवळ आहात. जरा दोनवर घ्या."

एलिसेओ जिथे होता तिथे थांबला. हातात रिकामा पेला होता. तो त्याने दुसऱ्या हातात घेतला आणि वाघाच्या जबड्याखाली हात घातला. बटण जड होतं, छान तेल दिलेलं. तीनवरून ते सावकाश दोनवर आलं.

पलीकडे दोन्या एदिल्माने कान देऊन ऐकलं आणि झुलती खुर्ची पुन्हा हलवायला सुरुवात केली.

"हां," ती म्हणाली. "केवढा फरक पडला. देव भलं करो तुमचं, प्रोफे."

बटण कशालाच जोडलेलं नव्हतं.